मोठं खोकं

"ताई, सरकारकडून टॉवेल, साबण आणि गावापर्यंतचं बसतिकीट. इथे सही करा," मनिलाच्या विमानतळावरच्या अधिकारीबाई म्हणाल्या.

मारिविकचं लक्ष सहीत नव्हतं. आखातातल्या मालकिणीचा जाच सोसवेना, म्हणून ती अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली होती. "बाई, एखादं मोठं खोकं मिळेल का? आमची सगळी गल्ली बघायला जमेल."

परदेशातून परतणाऱ्याने भेटींनी भरलेलं खोकं आणायचं, हा रिवाज अधिकारीबाईंनाही ठाऊक होता. त्यांनी रिकामं खोकं शोधलं, सरकारी पिशवी आत दडवली आणि वरून सुतळी करकचून बांधली.

बसमध्ये मारिविकचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुणी उचलून बघितलं तर? वळणावळणाला साबण आत खडखडे, आणि ती खोकं आणखी आवळून धरी.

फाटकाशी शेजारणी जमल्याच होत्या. "काय काय आणलंस गं?" म्हणत एकीने खोक्याला हात घातलाही. तेवढ्यात आई पुढे आली. तिने खोकं उचललं, आणि क्षणभर थबकून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग कमरेत वाकून ती कण्हली, "सरका गं बायांनो! केवढं जड आणलंय माझ्या पोरीनं!"