भिंतीला पाणी

“तू रोज आंघोळ करतेस का गं?” मैत्रिणींनी डेअर दिलं होतं, मी बिनधास्त विचारलं. उन्हाळी सुट्टीत आम्ही नाशिकहून सुरगाण्याच्या डोंगरात शाळेची खोली बांधायला आलो होतो. गावातली ललिता झऱ्यावरून हंडा घेऊन चढत होती. “कशी करू? हे पाणी तुमच्या भिंतीला मारतात, उरलेलं तुमच्याच आंघोळीला.” मैत्रिणी खिदळायच्या थांबल्या. “दे, आज मी नेते!” म्हणत मी हंडा ओढला आणि दोन पावलांतच घसरले. सगळं पाणी मातीत जिरलं. धावत येऊन तिच्या आईनं फाडकन कानाखाली वाजवली, तीही ललिताच्या. “मावशी, सांडलं मी!” मी ओरडले. “तुमी पावण्या. तुमाला कसं मारू?” ललिता रिकामा हंडा उचलून पुन्हा झऱ्याकडे निघाली. तेवढ्यात मला न्यायला आई-पप्पांची गाडी आली. “गाडी बंद करा, पप्पा. आई, मी पाण्याला चाललेय.”