श्रीखंडाचा डबा

लक्ष्मीबाई नगर, सकाळचे साडेसात. बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रेवतीने कचरा न्यायला आलेल्या शबनमला लाडवांचा डबा दिला. शबनमने झाकण ओढताना डबा निसटला. सावरताना तिच्या तळव्यात सुई घुसली. "दीदी, मीठा बोलके ये क्या दिया?" आत बाबांच्या इन्शुलिनच्या वापरलेल्या सुया होत्या. श्रीखंडाच्या डब्यात साठवून ते स्वतः इस्पितळात देऊन येत. अंथरूण धरल्यावर त्यांनी रेवतीला बजावलं, "कचऱ्यात टाकू नकोस गं, टोचेल कुणाला." "हो बाबा, रविवारी नक्की." राहूनच गेलं. काल उरलेले लाडू तसल्याच डब्यांत भरले होते. इस्पितळात जखम धुऊन डॉक्टर म्हणाले, "जिनकी सुई थी, उन्हें लाइए. खून जाँचेंगे." "अंकल तो गुज़र गए," शबनमच म्हणाली. शेवटच्या दिवसांत बाबांचे डोळे काविळीने पिवळे झाले होते. शबनमला लागण झाली का, ते तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत कळेल.