पाहणी

छत गळतंय, कपाटांना वाळवी लागलीय, बसायला धड खुर्ची नाही, असं रडगाणं वाचनालयाच्या सचिवांनी अनुदानाच्या अर्जात चांगलं बारा पानं भरून गायलं होतं.

पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर मात्र त्यांना राहवेना. घरच्या खुर्च्या आणल्या, भिंतींना रंग फासला, वाळवीच्या कपाटांवर नवे पडदे चढवले.

"अहो, पण आपल्याला मोडकंच दाखवायचंय ना?" बायको म्हणाली.

"चार लोकांत शोभा करून घेऊ?" सचिव गरजले.

साहेब खूश झाले. "इतकं नीटनेटकं वाचनालय! तुम्हाला कशाला हवंय अनुदान?" म्हणत त्यांनी तसा शेराही लिहून दिला.



सचिवांनी तो शेरा फ्रेम करून भिंतीवर लावला. नव्या रंगातून ओल पुन्हा वर आली होती, बरोब्बर त्या जागी.