फाटकावरची वही

दात.

नळवाला येणार आहे.

गाडी गॅरेजमध्ये.

मेहुणीचं सामान हलवायचंय.

दात.

पोराच्या शाळेत बोलावलंय, कारण तिथं गेल्यावर कळेल.

गाडी गॅरेजमध्ये.

दात.

गाद्यांच्या कारखान्याच्या फाटकाला ही वही दोरीनं बांधलेली होती. कामाच्या वेळेत बाहेर पडायचं तर तिच्यात नाव, वेळ आणि कारण लिहायचं. नियम एवढाच. पण चहाच्या सुट्टीत ती वर्तमानपत्रासारखी वाचली जायची, आणि अग्रलेख मामा लिहायचा. मामा कापूस पिंजायच्या यंत्रावर होता. नात्यानं तो कुणाचाच मामा नव्हता.

‘गाडी’ मॅनेजरबाईंची, दर सोमवारी. हा कारखान्यातला जुना विनोद होता. बाई रोज बसनं यायच्या, कारण गाडी बिघडलेली. सोमवारी तासभर गॅरेजात जायच्या, कारण गाडी अजून बिघडलेलीच.

“बाई, तिला आता पेन्शन द्या,” मामा म्हणायचा.

“जीव जडलाय,” बाई म्हणायच्या.

‘दात’ तपासनीसाचे, दर बुधवारी चार वाजता.

“अकरा बुधवार झाले,” मामा म्हणाला. “तोंडात दात आहेत की गाव वसवलंयस?”

“मुळं खोल आहेत,” तपासनीस म्हणाला.

तयार झालेल्या प्रत्येक दहाव्या गादीवर डोळे मिटून दहा मिनिटं पडायचं, हे त्याचं काम. कुठं खड्डा, कुठं गाठ, हे त्याच्या पाठीला कळायचं. मुख्य तपासनीसाची जागा रिकामी होती आणि तिच्यावर त्याचा डोळा होता. अडचण एकच. गेले सात महिने त्याला घरी झोप नव्हती. पाठ टेकली की छाती धडधडायची.

म्हणून बुधवारी तो औषधाच्या दुकानाशेजारचा जिना चढून समुपदेशकांकडे जायचा. बाहेर दोन खुर्च्या होत्या. मधल्या काचेच्या वाडग्यात हिरव्या कागदातल्या लिंबाच्या गोळ्या असायच्या. जाताना एक घ्यायची पद्धत होती.

“ऑफिसात सांगायलाच हवं असं नाही,” समुपदेशक म्हणाले. “ती तुमची खासगी गोष्ट. पण दात का?”

“पहिल्या दिवशी वहीपुढं उभा राहिलो आणि तेच सुचलं. आता दाढांवर आलोय.”

ते हसले. तोही हसला. पाच तास झोप लागायला लागली होती, त्यामुळं हसू सहज यायचं.

पण कारखान्यात कळून चालणार नव्हतं. मागे शिलाई विभागातला एकजण अशाच कुणाकडे जातो हे फुटलं, तर लोकांनी त्याला वर्षभर ‘सांभाळून रे बाबा’ म्हणत पिडलं. शेवटी तो नोकरी सोडून गेला. आणि ज्याला स्वतःच्या गादीवर झोप येत नाही, त्याच्या पाठीवर कारखाना कसा विसंबणार?

त्या बुधवारी तो गोळी चघळतच परतला. वहीत वेळ लिहिताना मामानं त्याला गाठलं.

“दातांचा डॉक्टर गोळ्या वाटतो? गिऱ्हाईक टिकवायची युक्ती बरी आहे.”

तपासनीसानं गडबडीत वही मिटली.

“बरं, आता काळजी सोड,” मामा म्हणाला. “बाईंच्या मागं लागून शुक्रवारी दातांचं शिबिर ठेवून घेतलंय. कारखान्यातच. खास तुझ्यासाठी, बरं का. सगळ्यांना तोंड उघडायचंय.”

घरी जाऊन तपासनीसानं आरशात पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस, शर्टाच्या नव्या बटणांसारखे. एकही किडलेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याचं वाईट वाटलं.

शुक्रवारी शिवणयंत्रं बाजूला सारून डॉक्टरांची खुर्ची मांडली होती. यादी घेऊन मॅनेजरबाई शेजारी उभ्या. मामाचे चार दात किडलेले निघाले आणि तो ते सगळ्यांना दाखवत फिरत होता. तपासनीसाचा नंबर आला. मामा खुर्चीजवळ येऊन थांबला, उद्घाटनाला थांबतात तसा.

बाईंनी यादीवर रेघ मारली.

“यांना सोडा, डॉक्टर. यांचे उपचार चालू आहेत. मधेच दुसऱ्याचा हात लागला की आणखी बिघडतं. माझ्या गाडीचा अनुभव आहे मला.”

“तुमच्या गाडीवरून चाललंय म्हणजे याचं काही खरं नाही,” मामा म्हणाला. सगळे हसले आणि पुढचा माणूस खुर्चीत बसला.

दुपारी बाईंनी तपासनीसाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पत्र होतं. मुख्य तपासनीस, पुढच्या महिन्यापासून.

“बाई, ते दातांचं जरा सांगायचं होतं,” तो चाचरत म्हणाला.

“मला नका सांगू. वहीत लिहिता तेवढं पुरे.” बाई पत्रावर शिक्का मारत होत्या. “मुख्य तपासनीसाची बैठक बुधवारी चारला असते. ती मी यापुढं सकाळी ठेवलीय. आणि हे तुमचं वहीत राहिलं होतं.”

त्यांनी टेबलावरून एक हिरवा कागद त्याच्याकडे सरकवला. बोटानं नीट सपाट केलेला, चौकोनी. त्याचे कान तापले. तो काही बोलायच्या आत बाईंनी ड्रॉवर उघडून त्याच्यापुढं एक लिंबाची गोळी ठेवली. हिरव्या कागदातली.

“घ्या, तोंड गोड करा. दात दुखत नसतील तर.”

सोमवारी चार वाजता वहीत नोंद झाली : गाडी गॅरेजमध्ये.

एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीचा अर्ज भरताना ‘स्वतःचं वाहन आहे का’ या प्रश्नापुढं बाईंनी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि त्यानंतर त्यांनी साधी सायकलसुद्धा घेतलेली नाही.