बाटली दिसली की दांडी पुढे

“आठवड्याला किती?” व्यसनमुक्ती केंद्रातल्या प्रशिक्षक बाईंनी विचारलं.

“तीस पेले तरी जातात,” मेकॅनिक म्हणाला. शेजारी त्याची बायको पर्स घट्ट धरून बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची.

“कधीपासून?”

“सासूबाई गेल्या, तेव्हापासून.”

बाईंनी लिहून घेतलं. मग संगणकापुढची छोटी दांडी दाखवली. पडद्यावर बाटलीचं चित्र आलं की दांडी पुढे ढकलायची, चित्र लहान होत जातं. पाण्याचं किंवा सरबताचं आलं की ओढायची, ते मोठं होतं. मनाने ठरवायच्या आधीच हात बाटलीकडे जातो, म्हणून सवय हातालाच लावायची. घरीही रोज पंधरा मिनिटं, आणि जोडीने बसायचं, असं त्यांनी बजावलं.

मेकॅनिकने घरी संगणकाला दांडी जोडली. पान्यांना सरावलेल्या त्याच्या हाताला ती नाजूक दांडी काही जमेना. बायको हसून म्हणाली, सरका, मी दाखवते. मग रोजच ती दाखवू लागली. पेल्यांचा आकडाही वहीत तीच लिहायची.

आगारात बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. फोरमनने त्याला ब्रेकच्या कामावरून काढून टायर बदलायला लावलं. दारुड्याच्या हातात बसचे ब्रेक कसे द्यायचे, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. मेकॅनिकने मान खाली घालून जॅक उचलला. मोठ्या बहिणीने तर, घराण्याचं नाक कापलंस, एवढं सांगून फोन ठेवला, तो ठेवलाच.

चौथ्या आठवड्यात आकडा पुन्हा चढला. सकाळी बायको ओट्याशी रडत बसली होती. तो तिच्याजवळ फरशीवर बसला.

“आज चित्रं दोनदा करू,” म्हणाला.

त्या दिवशी त्यांनी ती तीनदा केली.

सहाव्या आठवड्यात एकोणीस. आठव्यात सात. बाराव्यात, सलग दुसऱ्यांदा, शून्य.

शेवटच्या बैठकीला घरच्यांना बोलावलं होतं. बहीण आली, तोंड फिरवून कोपऱ्यात बसली. पण बाईंनी वही वाचून दाखवली आणि टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिचेही डोळे भरून आले. उठून तिने भावाच्या पाठीवर हात ठेवला. मग भावजयीकडे वळून म्हणाली की, धन्य आहे तुझी, अशा दारुड्याला माणसात आणलंस.

मेकॅनिकने बायकोकडे पाहून हलकेच मान हलवली. राहू दे.

ती तरीही उठली. आवाज वर्गात फळ्यापुढे असतो तसा खणखणीत होता.

“ताई, ह्यांनी जन्मात थेंबही घेतलेला नाही. पीत होते ती मी.”