दोन खिशांचं जाकीट

तिच्या बोटांखाली काहीतरी हललं.

तिने नवऱ्याचं मनगट सोडलं, पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

"अहो, नाडी लागतेय तुमची!"

दुसऱ्या कुठल्याही बायकोला हायसं वाटलं असतं. हिच्या तोंडचं पाणी पळालं.

चौदा महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, मिस्त्रींच्या, हृदयाने हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला एक छोटा पंप जोडून दिला होता. तो रक्त एकसारखं ढकलायचा, त्यामुळे मनगटाला ठोका लागायचा नाही. "नाडी लागली नाही तर घाबरू नका," असं दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. लागली तर काय करायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं. ती मात्र रोज सकाळी मनगट धरायचीच. जुनी सवय.

मिस्त्रींची हयात पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेलेली. पोटातून निघालेली वायर सावरत ते म्हणाले, "चांगला पंप नुसता गुणगुणतो. ठोके द्यायला लागला, की बेअरिंग गेलं समजायचं."

"शुभ बोला जरा."

"पंपाला कुठलं आलंय शुभ-अशुभ?"

ती शिवणकाम करायची. पंपाच्या दोन बॅटऱ्या अंगावर वागवायला दोन खिशांचं जाकीट तिनेच शिवलं होतं. ते आता विटलं होतं. नव्याला फक्त खिसे लावायचे राहिले होते. निघताना तिने ते सुईदोऱ्यासकट पिशवीत कोंबलं. दवाखान्यात हात रिकामे राहिले की तिचं डोकं भलतीकडे धावायचं.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. मग मिस्त्रींना आडवं करून पंपाची वायर एका पडद्याला जोडली आणि छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवायला घेतलं. पडद्यावर पंपाच्या वेगाचा आकडा होता. तो उतरू लागला.

"अहो, बंद पडतोय तो!" ती खुर्चीतून उठलीच.

"मीच कमी करतेय, काकू. जरा थांबा."

थांबा म्हणे! पस्तीस वर्षांचा संसार त्या आकड्यावर टांगला होता. हा माणूस गेला तर सकाळी उठून कुणाचं मनगट धरायचं, एवढं एकच तिच्या मनात येत होतं. पुन्हा बसून मांडीवरच्या खिशाला टाके घालताना सुई बोटात घुसली, तेही तिला कळलं नाही.

"दम लागतोय? चक्कर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे. भूक लागलीय," मिस्त्री म्हणाले. "माझ्यापासून लपवू नका हो. पंपांचे रोग मला पाठ आहेत. बेअरिंगच ना?"

पंधरा मिनिटांनी आकडा पुन्हा पहिल्या जागी आला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले.

"पंप ठणठणीत आहे, मिस्त्री."

"मग ठोके कोण देतंय?"

त्यांनी सोनोग्राफीचा पडदा मिस्त्रींकडे वळवला. "तुमचं स्वतःचं हृदय. पंपाचा वेग उतरवला तरी ते नेटाने चाललं होतं."

डॉक्टरीणबाईंची नजर तिच्या मांडीवर गेली.

"अजून काही तपासण्या करायच्यात, घाई नको," त्या म्हणाल्या. "पण काकू, त्या जाकिटाचे खिसे सध्या राहू द्या. बहुतेक लागायचे नाहीत."