कोरा फोन

"ताई, सगळं पुसलं जाईल हं. फोटोसुद्धा," तिच्या फोनला केबल जोडत मी म्हणालो.

"जाऊ दे."

माहेरी आल्यासारखी नव्हेच, स्टँडवर गाडीची वाट बघावी तशी ती बसली होती. कोपऱ्यावर भाजीला गेली, तरी दाजी या फोनवरून तिचा माग काढायचे. परवा ती घर सोडून माझ्याकडे आली होती.

माझ्या लिनक्सच्या वेडाचा पहिल्यांदाच घरात कुणाला उपयोग होत होता. लॅपटॉपवर ओळी सरकत राहिल्या. फोनमधली जुनी सिस्टीम गेली, नवी रुजली. फोनचा पडदा न्हाऊन आल्यासारखा उजळला.

"झालं! तू कुठे असतेस, ते आता दाजींना कळणार नाही. फक्त मला दिसेल, एवढी सोय करून ठेवतो. काळजीपोटी गं."

तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"तेही याला काळजीच म्हणायचे," ती म्हणाली.